चुकलेलं इंग्रजी, चकवणारं इंग्रजी

महामार्गावरच्या एखाद्या ढाब्याच्या फलकावर ‘चिल्ड बिअर’चं ‘चाइल्ड बिअर’ झालेलं असतं. कुणीतरी गाडी थांबवून त्याचा फोटो काढतो आणि रात्रीपर्यंत तो व्हॉट्सॲपच्या चार गटांमधून फिरत आपल्यापर्यंत पोचतो. त्याच्या मागोमाग ‘ट्यूशन’च्या स्पेलिंगमधला एक आय गाळलेली क्लासची पाटी येते, झेडने सुरू होणारं ‘झेरॉक्स’ येतं, ‘फ्राइड राइस’चं ‘फ्रेंड राइस’ करणारं मेनूकार्ड येतं. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. हसू मलाही येतं. पण या सगळ्या पाट्या आपापलं काम चोख करत असतात, हे मात्र कुणी बोलत नाही. ढाब्यावर बसलेल्याला बिअर मिळते आणि ती थंडही असते. झेरॉक्सवाल्याकडे प्रती निघतात. त्या स्पेलिंगपायी कुणाचा रुपयाही बुडत नाही.

ज्या इंग्रजीमुळे खरोखर पैसे बुडतात, घर जातं, खटला रखडतो, त्याचा फोटो काढून गटावर टाकलेला मी अजून पाहिला नाही. आरोग्यविम्याची पॉलिसी, गृहकर्जाचा करारनामा, इस्पितळातलं संमतिपत्र, मोबाइलवरच्या ॲपच्या अटी: यांच्यात स्पेलिंगची चूक भिंग घेऊन शोधली तरी सापडायची नाही. वकिलांनी तपासलेलं, छापखान्यातून नीट आलेलं, स्वच्छ, सरळ ओळींतलं इंग्रजी असतं ते. फक्त ज्याच्यासाठी लिहिलं त्याला कळत नाही. इंग्रजीच्या चुकांवर तावातावाने बोलणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी माझं भांडण एवढंच आहे, की त्यांचा सगळा कडकपणा दुबळ्याच्या वाट्याला येतो. बलवानाच्या इंग्रजीपुढे ते मुकाट्याने सही करतात.

आधी ‘चूक’ कशाला म्हणायचं ते पाहू. ‘डू द नीडफुल’ लिहिणाऱ्या आपल्या कारकुनाची टर उडवली जाते. हा प्रयोग त्याने घरी बसून रचलेला नाही. तो साहेबाच्याच पत्रव्यवहारातला. इंग्लंडात पुढे त्याची रीत गेली, आपल्या कचेऱ्यांत ती राहिली. साहेब कोट टाकून गेला आणि आपण तो घालून हिंडतो म्हणून आता साहेबालाच हसू येतं, असा हा मामला आहे. ‘आउट ऑफ स्टेशन’चंही तेच, यातलं स्टेशन रेल्वेचं नाही, गोऱ्या अंमलदारांच्या नेमणुकीच्या ठाण्याचं आहे. ‘प्रीपोन’वर तर दोन पिढ्यांनी नाकं मुरडली, तो शब्द आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे. त्याच ऑक्सफर्डने २०१७च्या सप्टेंबरमध्ये भारतीय भाषांतून आलेले सत्तर शब्द आपल्या मोठ्या कोशात घेतले, आणि २०२०च्या जानेवारीत विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात ‘आधार’, ‘डब्बा’, ‘हरताळ’ यांच्याबरोबर चक्क ‘चाळ’ही आली. (गिरगावकरांना चाळ म्हणजे काय हे कळायला ऑक्सफर्डची वाट पाहावी लागली नव्हती, ही गोष्ट वेगळी.)

खुद्द इंग्रजांचे नियम तरी कुठून आले? वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, हा आपल्याला शाळेत घोकायला लावलेला नियम जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या वाक्यांना नावं ठेवताना पुढे केला. त्याआधीचे आणि नंतरचे मोठमोठे इंग्रजी लेखक खुशाल तसं लिहीत राहिले. टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीत दहा किंवा त्याहून कमी वस्तू घेणाऱ्यांची वेगळी रांग असे. तिच्या फलकावर ‘लेस’ हवं की ‘फ्यूअर’ यावरून लोकांनी इतकी वर्षं डोकं खाल्लं, की २००८ मध्ये दुकानाने दोन्ही शब्द टाळून तिसरीच वाक्यरचना केली. रांग तेवढीच लांब राहिली.

याचा अर्थ कुणी कसंही लिहावं, असं मी म्हणत नाही. भाषेत चूक असं काही नसतंच, जे बोललं जातं ते सगळं बरोबर, असं सांगणारा एक विद्वानांचा पंथ आहे आणि त्याच्याबद्दल मला थोडा संशय आहे. ही मंडळी हा सिद्धान्त नेहमी निर्दोष इंग्रजीत मांडतात आणि स्वतःच्या मुलांना ‘ही गो’ म्हणू देत नाहीत. चूक असते आणि ती महागही पडते. अमेरिकेतल्या मेन राज्यात जादा कामाच्या मोबदल्याचा एक कायदा आहे. कोणत्या कामांना हा मोबदला नाही याची यादी त्यात दिली होती आणि तिच्या शेवटी एक स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे मालाचं वितरण हे स्वतंत्र काम धरायचं, की ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ असं एकच काम, हे कळेना. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक म्हणाले, आम्ही माल पोचवतो, पॅकिंग करत नाही. तेव्हा यादीत आम्ही नाही, आमचे पैसे टाका. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. अशा चुकीवर जरूर काथ्याकूट करावा, कारण तिथे कुणाच्या तरी मजुरीचा प्रश्न आहे. चुकीची किंमत कोण मोजतो, हा माझा निकष. ढाब्यावरची पाटी या निकषावर सहीसलामत सुटते.

आता आपल्या न्यायालयांकडे येऊ. घटनेच्या ३४८व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज, संसदेने वेगळी तरतूद करेपर्यंत, इंग्रजीत चालायचं आहे. म्हणजे देशातलं सर्वांत जबाबदार इंग्रजी तिथे सापडायला हवं. २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा घरमालक-भाडेकरू वादातला एक निकाल सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी तो वाचला आणि यातलं काही समजत नाही म्हणून रद्द करून परत पाठवला. चार वर्षांनी त्याच उच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला, एका बँक कर्मचाऱ्याच्या शिस्तभंगाच्या प्रकरणातला. या वेळी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि एम. आर. शाह होते. शाह म्हणाले, लांबच लांब वाक्यं, मध्येच कुठेतरी स्वल्पविराम. वाचून माझ्या स्वतःच्या समजेवरच शंका यायला लागली, शेवटी टायगर बाम लावावा लागला. बातमी सगळीकडे चवीने वाचली गेली. पण ज्याची नोकरी त्या निकालावर लोंबकळत होती त्या माणसाने काय लावलं असेल? त्याच्यासाठी तर तो निकाल लिहिला होता. निकाल कसे लिहावेत, परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, सामान्य पक्षकाराला कळेल असं लिहावं, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात २०२२ मध्ये सविस्तर सांगितलं. सांगावं लागलं, हे त्यातलं महत्त्वाचं.

या निकालांत व्याकरणाच्या चुका असतीलही, पण दुखणं ते नव्हतं. ‘हेअरइनआफ्टर’, ‘नॉटविथस्टँडिंग’ यांची माळ ओवली की कायदा भारदस्त होतो, अशी एक समजूत खालपासून वरपर्यंत भिनलेली आहे. जितकं कळत नाही तितकं साहेब हुशार. ही समजूत न्यायालयातून बँकेत आणि बँकेतून विम्यात उतरते आणि तिथे मात्र तिचा रोख हिशेब होतो.

आरोग्यविम्यातलं एकच कलम घेतो: ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. समजा, पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे. वडिलांना रात्री अचानक दाखल करावं लागलं, ५,०००ची खोली रिकामी नव्हती, ८,०००ची घेतली. घरच्यांना वाटतं, रोजचे वरचे ३,००० आपण भरू, त्यात काय. पण कलम सांगतं, की डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च, असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले सगळे खर्च त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच, कापले जातील. असा खर्च १,६०,००० झाला असेल तर विमा देणार १,००,०००. महाग खोली घेतल्याची किंमत रोजचे तीन हजार एवढीच नव्हती, वर आणखी साठ हजार होती. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही कळेल. पॉलिसीत तो ज्या वाक्यात दिलेला असतो ते वाक्य मात्र इंग्रजी साहित्यात एम. ए. झालेल्यालाही दोनदा वाचावं लागतं. ते तसं का लिहिलं असेल, याचं भोळं उत्तर मला पटत नाही. कळणारं लिहिता येत नाही असं नाही; तीच कंपनी जाहिरात लिहिते तेव्हा लहान पोरालाही कळेल अशी लिहिते.

बँकेच्या टेबलावर जरा जवळून पाहा. कर्जाच्या करारनाम्याचा पन्नासेक पानांचा गठ्ठा समोर येतो. तो वाचण्यासाठी समोर येत नाही. अधिकाऱ्याने आधीच पेन्सिलीने जागोजागी बारीक फुल्या मारून ठेवलेल्या असतात. ‘जिथे फुली तिथे सही, काका.’ काका पानं उलटतात, तो शेजारी उभा राहून कोपरे धरतो, म्हणजे वेळ जायला नको. मागे रांग असते. कुणी तिसऱ्या पानावर थांबून वाचायला लागला तर अधिकारी नम्रपणे सांगतो, की सगळ्यांचं सेमच असतं. आणि त्यातून काकांनी मराठीत सही केली तर आणखी एक कागद येतो. बऱ्याच बँका आणि विमा कंपन्यांच्या अर्जांत त्याला ‘वर्नाक्युलर डिक्लरेशन’ म्हणतात. वरचा मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे आणि तो मला समजला आहे, असं त्यात लिहून द्यायचं असतं. मी पाहिलेल्या अशा एका कागदावर हे वाक्यसुद्धा इंग्रजीतच छापलेलं होतं. सही करणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर देवनागरीत सही केलेली. इंग्रजीत सही करणाऱ्याला ते सगळं कळलेलं असतंच, असं गृहीत धरून त्याच्याकडे हा कागद मागत नाहीत. त्याला कळलं नाही तर त्याने कुणाकडे जायचं?

कायदा या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा पुढे गेलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे किरकोळ कर्जदाराला आणि लहान उद्योगाला ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावं लागतं, म्हणजे एकूण व्याज, शुल्कं, हप्ते असं सगळं नेमकं सांगणारा गोषवारा. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, समजावून सांगावा आणि तशी पोच घ्यावी, असं त्यात स्पष्ट आहे. विमा नियामकाने २०२४च्या जानेवारीपासून आरोग्यविम्याला सोप्या भाषेतलं माहितीपत्रक सक्तीचं केलं. ते मागितलं तर स्थानिक भाषेतही मिळतं. २०२३च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात संमतीची नोटीस आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. मराठी माणसाने आपली सगळी अस्मिता पणाला लावून मागावेत असे हे कागद आहेत. कितीजण मागतात? मागायचे असतात हेच माहीत नाही, कारण इंग्रजी कळत नाही असं काउंटरवर म्हणण्याची लाज वाटते.

ही लाज कुठून येते, तर त्या व्हॉट्सॲपवरच्या हसण्यातून. निस्सीम एझिकिएल या मुंबईच्या बेने इस्रायली कवीने भारतीयांच्या इंग्रजीच्या ढंगात काही कविता लिहिल्या. प्रत्येक क्रियापद चालू काळात टाकण्याच्या आपल्या सवयीची त्यात गंमत आहे. कविता चांगल्याच आहेत. पण मुंबईच्या कॉलेजांतून त्या वाचताना वर्गातला कोण हसतो आणि कोण खाली मान घालतो, हे पाहण्यासारखं असतं. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) हा गौरी शिंदे यांचा चित्रपट मराठी घराघरांत पोचला तो याच कारणाने. त्यातल्या शशी गोडबोलेच्या लाडवांना गिऱ्हाईक आहे, धंद्याला इंग्रजीवाचून काही अडत नाही. अडतं ते पोटच्या मुलीच्या नजरेत.

मात्र इंग्रजीवाल्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपण मराठीतही तेच करतो. नगर जिल्ह्यातला, लातूरचा, यवतमाळचा मुलगा पुण्याच्या वर्गात ‘पानी’ म्हणाला, की मागच्या बाकावर खसखस पिकते. ‘न’ आणि ‘ण’ यांच्यातल्या अंतरात जात, गाव आणि बापाचा व्यवसाय सगळं ओळखलं जातं. हसणाऱ्याला तेच ओळखायचं असतं. १९७२ मध्ये शुद्धलेखनाचे नियम पक्के झाले तेव्हा ते लेखनासाठी होते. जिभेवर पहारा बसवण्याचं काम आपण आपल्या हौसेने घेतलं. ज्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या शाळेत पाठ करायच्या आणि त्यांच्याच बोलीत उत्तर देणाऱ्या पोराला उठवून उभं करायचं, ही आपली रीत. इंग्रजीच्या अहंकाराबद्दल मराठी माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज जरा पडतो तो यामुळे.

म्हणूनच इंग्रजीची लाज वाटायला हवी, असं दिल्लीतून सांगितलं जातं तेव्हा मला त्यातही तोच वास येतो. जून २०२५ मध्ये गृहमंत्री अमित शाह म्हणाले, की या देशात इंग्रजी बोलणाऱ्यांना लवकरच लाज वाटू लागेल. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी मेकॉलेची मानसिकता दहा वर्षांत टाकून देण्याचं आवाहन केलं. २०३५ मध्ये मेकॉलेच्या इंग्रजी शिक्षणाच्या टिपणाला दोनशे वर्षं होतील. मेकॉलेचा हेतू राज्यकर्ते आणि रयत यांच्यामधल्या दुभाष्यांचा वर्ग घडवण्याचा होता, यात वाद नाही. पण उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावात दलितांनी २०१० मध्ये इंग्रजी देवीचं देऊळ बांधायला घेतलं. देवीच्या हातात लेखणी, पायाखाली संगणक. कल्पना दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद यांची, जे मेकॉलेचा वाढदिवस साजरा करतात. हे ऐकून पुण्यामुंबईतले लोक हसले. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४च्या आपल्या कवितासंग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह का धरला, हे ज्याला कळलं तो हसणार नाही. संस्कृतच्या दारावर जे उभे केले गेले, त्यांना ही दुसरी भाषा दाराबाहेर थांबा म्हणाली नाही. निदान तेव्हा म्हणाली नाही. चिपळूणकरांच्या नावावर असलेलं इंग्रजीचं वाघिणीचं दूध ज्यांना घरपोच मिळत होतं, त्यांनी आता दूध वाईट म्हणून सांगावं, हे बरं नव्हे.

आणि स्वदेशीचं म्हणाल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं नाव संस्कृत आहे. आतली कलमं इंग्रजीत संमत झालेली आहेत आणि साठ-साठ शब्दांची वाक्यं तशीच आहेत. मराठीत आणलं म्हणजे काम झालं, असंही नाही. ‘उपरोक्त संदर्भाधीन विषयान्वये सदरहू प्रकरणी यथोचित कार्यवाही अनुसरण्यात यावी’ हे मी आत्ता गमतीने रचलं. मंत्रालयातल्या कुणालाही ते खरं वाटेल. ‘डू द नीडफुल’ यापेक्षा सोपं होतं.

शाळेतही आपण चुकीची भीतीच शिकवतो. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २०००-०१ पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा पुष्कळ विरोध झाला. मला तो निर्णय बरोबर वाटतो, कारण खेड्यातल्या मुलाने पाचवीपर्यंत थांबायचं आणि शहरातल्याने बालवाडीत सुरू करायचं, याला न्याय म्हणत नाहीत. पण दहा वर्षं इंग्रजी शिकून मूल स्वतःचं एक वाक्य बोलायला धजत नाही. त्याला माहीत असतं, की बोललं की चुकेल आणि चुकलं की वर्ग हसेल. त्यापेक्षा गाइडमधला निबंध पाठ करणं सुरक्षित.

आता तर निर्दोष इंग्रजी यंत्र फुकट लिहून देतं. नोकरीचा अर्ज बीडहून आला की मलबार हिलवरून, हे स्पेलिंगवरून ओळखण्याचे दिवस संपले. भेद संपला का? छे. आता अतिशुद्ध अर्ज पाहिला की यंत्राने लिहिला असणार, असा संशय घेतात आणि खरी पारख बोलण्यावर ठेवतात. कॉल सेंटरच्या प्रशिक्षणात ‘एमटीआय’ नावाची एक खोड काढून टाकायला शिकवतात. म्हणजे ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’. आईची भाषा जिभेवर राहिली, हा दोष.

जिथे इंग्रजीच आईची भाषा, त्या ब्रिटनमध्ये १९७९ साली क्रिसी मेहर या बाईने संसदेसमोरच्या चौकात शेकडो सरकारी अर्ज फाडून त्यांचा भुगा केला आणि सोप्या इंग्रजीची मोहीम सुरू केली. स्वतः त्या किशोरवयापर्यंत निरक्षर होत्या. टेस्कोला फलक बदलण्याची युक्ती सांगितली ती याच मोहिमेने. अमेरिकेत २०१० मध्ये सरकारने कळेल असंच लिहावं, असा कायदा झाला. ज्यांची ती मातृभाषा, त्यांनाही आपल्याच सरकारचं इंग्रजी कळत नव्हतं आणि त्यांनी ते सरकारच्या तोंडावर सांगितलं.

आपल्याकडे भाषेचं आंदोलन रस्त्यावर उतरतं ते पाट्यांसाठी. दुकानांच्या मराठी पाट्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत देऊन निकालात निघाला. देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, हे फूटपट्टीने मोजलं गेलं. २०२५च्या एप्रिलमध्ये मनसेचे कार्यकर्ते बँकांमध्ये शिरले, पण भर होता तो व्यवस्थापकाने मराठीत बोलावं यावर. पहिलीपासून हिंदीचे शासननिर्णय जूनअखेर मागे घ्यावे लागले आणि ५ जुलैला वरळीत दोन्ही ठाकरे एका व्यासपीठावर आले. त्या विजयात मीही मनोमन सामील होतो. एवढी ताकद असलेल्या लोकांनी एकदा फूटपट्टी बाहेर ठेवून बँकेत जावं, व्यवस्थापकाला वाटेल त्या भाषेत बोलू द्यावं आणि त्याच्या टेबलावरचा तो पन्नास पानांचा गठ्ठा आणि रिझर्व्ह बँकेने सांगितलेला गोषवारा मराठीत मागावा, पेन्सिलीच्या फुल्या खोडून.